पोषण आहाराच्या ठेक्यासाठी मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न : नाशिकमध्ये तीन वर्षांपासून डबे देते, रोज साधारण ६० डबे, ७० रुपयांप्रमाणे. महापालिका क्षेत्रातल्या शाळांना पोषण आहार पुरवायची निविदा निघणार असं कळलंय. २,००० मुलांचं काम मिळावं म्हणून १२ लाखांची मुदत ठेव मोडायची आणि दागिन्यांवर ४ लाख कर्ज काढायचं असा विचार आहे. भांडी, वाफेवरची यंत्रणा आणि गाळ्याची डागडुजी ९ लाख, गाळ्याची अनामत ३ लाख, जुना टेम्पो ४ लाख. मुलगी चार वर्षांनी इंजिनिअरिंगला जाईल. जवळच्या एका खासगी शाळेनंही १८० मुलांच्या जेवणाबद्दल विचारलंय. काय करावं?

उत्तर : ताई, या निविदेसाठी ठेव मोडू नका. तुमच्या १६ लाखांच्या यादीत सगळं आहे, फक्त किराणा नाही. आणि या धंद्यात माणूस बुडतो तो किराण्यातच.

पीएम पोषण योजनेत तांदूळ सरकारकडून मोफत मिळतो. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी १ मे २०२५ पासून केंद्रानं ठरवलेला दर पहिली ते पाचवीच्या मुलामागे ६.७८ रुपये आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १०.१७ रुपये आहे. तुमच्या २,००० मुलांत १,२०० लहान आणि ८०० मोठी धरली, तर दोन्ही गटांचे रोज ८,१३६ रुपये, मिळून १६,२७२ होतात. २२ दिवसांच्या महिन्याचे ३ लाख ५८ हजार.

आता खर्च पाहा. लहान मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. मोठ्याला याच्या दीडपट. म्हणजे रोज २४० किलो तांदूळ, ४८ किलो डाळ, १२० किलो भाजी आणि १२ किलो तेल. हिशेबापुरती डाळ ११० रुपये, भाजी ३५ आणि तेल १५० रुपये किलो धरा : ५,२८०, ४,२०० आणि १,८००. मीठ-मसाल्याचे हजार आणि गॅसचे तीन हजार मिळवले की १५,२८० झाले. उरले ९९२ रुपये. टेम्पोचं डिझेल आणि ड्रायव्हर यातून निघत नाहीत, गाळ्याचं भाडं तर पुढची गोष्ट. स्वयंपाकी आणि मदतनिसांचं मानधन कोण देणार, हे निविदेच्या अटींत शोधून वाचा. तो एक परिच्छेद नफा-तोटा ठरवतो. भाजी ३५ वरून ५० वर गेली, तर रोजचे १,८०० रुपये जादा जातात.

बिल हजर मुलांचंच निघतं. सणाच्या दुसऱ्या दिवशी वर्ग निम्मे रिकामे असतात, पण खिचडी पहाटेच शिजलेली असते. शिक्षण हक्क कायद्यानुसार पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० आणि आठवीपर्यंत २२० कामाचे दिवस. या हिशेबानं पूर्ण हजेरीतही वर्षाची उलाढाल जेमतेम ३४ लाख होते. भाडं आणि सोनेतारण कर्जाचं व्याज मात्र मे महिन्यातही चुकत नाही.

बिलं तीन महिने अडकली तर १० लाख ७४ हजार तुमच्या खिशातून फिरते ठेवावे लागतील. हे १६ लाखांच्या वर. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर ४५ दिवसांपलीकडे थकलेल्या पैशावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं, कायदा तुमच्या बाजूनं आहे. पण ज्याच्याकडून पुढच्या वर्षी काम हवंय त्याच्यावर दावा ठोकणारे ठेकेदार फारसे भेटत नाहीत. बयाणा रक्कम आणि सुरक्षा ठेवही अडकतात. बँक हमी दिली तरी तिच्यापोटी बँक मुदत ठेव मागतेच.

पात्रतेचा प्रश्न याहून सरळ आहे. निविदेच्या पहिल्या, म्हणजे तांत्रिक लिफाफ्यात साधारणपणे अन्न परवाना, पॅन, मागच्या तीन वर्षांची विवरणपत्रं, सीएचं उलाढाल प्रमाणपत्र, रोज किती ताटं पुरवली याचा अनुभवाचा दाखला, स्वयंपाकघराचा नकाशा, पाण्याचा तपासणी अहवाल, अग्निशमनचा ना हरकत दाखला आणि काळ्या यादीत नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. यातला अनुभव आणि उलाढाल पैशानं विकत मिळत नाही. ६० डब्यांच्या जोरावर २,००० ताटांच्या निविदेत तुमचा दुसरा, म्हणजे दराचा लिफाफा उघडण्याची शक्यता फार कमी. डब्यांचे पैसे रोख घेऊन विवरणपत्रात निम्मेच दाखवले असतील, तर सीए उरलेल्या निम्म्याचं प्रमाणपत्र देणार नाही.

कागद असूनही लोक बाद होतात ते फुटकळ कारणांनी. परवाना घरच्या पत्त्यावर आणि स्वयंपाकघर गाळ्यात : परवाना जागेला असतो, त्यामुळे तो चालत नाही. डिजिटल सही नवऱ्याची, फर्म बायकोची आणि अधिकारपत्र नाही. अनुभवाच्या दाखल्यावर ‘समाधानकारक सेवा दिली’ लिहिलेलं, पण ताटांचा आकडाच नाही. शेवटच्या आठवड्यात निघालेलं शुद्धिपत्रक सही करून जोडायचं राहिलेलं.

त्यापेक्षा खासगी शाळेकडे वळा. १८० ताटं, ४५ रुपये दर धरला तर महिन्याला १ लाख ७८ हजार. ताटामागे ८ रुपये सुटले तरी ३१,६८० होतात. पैसे महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ ठरवून घ्या. शाळा पालकांकडून आधीच घेते, त्यामुळे ही मागणी अवाजवी नाही. पहिला महिना एकाच विभागाच्या ७०-८० मुलांचा घ्या.

बिल शाळेच्या नावानंच फाडा. पूर्वप्राथमिक ते बारावीपर्यंतच्या शाळेला दिलेल्या जेवणाच्या सेवेवर जीएसटी माफ आहे, पण ती सेवा शाळेला दिलेली असली पाहिजे. पालकांकडून परस्पर पैसे गोळा केले की ती माफी धोक्यात येते. याला जोडून एक खाच आहे. नोंदणीची २० लाखांची मर्यादा मोजताना माफ उलाढालही धरतात. तुमचे डबे वर्षाला १२ लाख ६० हजारांचे, शाळेचे दहा महिन्यांचे १७ लाख ८० हजार : मर्यादा ओलांडली. शाळेच्या बिलावर कर लागणार नाही, पण डब्यांवर ५ टक्के लागेल, महिन्याला साधारण ५,२५० रुपये. ते डब्याच्या दरात आत्ताच बसवा. भांडी आणि कुकरवर भरलेला कर परत मिळत नाही, म्हणून किंमत करासकट धरा. कॅन्टीनचं काउंटर मिळालं तरी चिप्स आणि कोल्ड्रिंकच्या नफ्यावर भिस्त ठेवू नका. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, साखर वा मिठाचे पदार्थ विकायला २०२० च्या नियमांनी मनाई आहे.

या शाळेसाठी २ लाख ३० हजारांवर जाऊ नका : स्वयंपाकघरात जाळी, फरशी आणि कच्च्या-शिजलेल्या मालाची वेगळी ये-जा यासाठी ७० हजार, झाकणाचे उष्णतारोधक डबे आणि मोठी पातेली ८० हजार, परवाना, कामगारांची वैद्यकीय तपासणी, लसीकरण, पाण्याची चाचणी आणि एकाचं फॉस्टॅक (अन्नसुरक्षेचं सरकारी) प्रशिक्षण यासाठी ३० हजार, एका महिन्याचा किराणा ५० हजार. टेम्पो भाड्यानं घ्या. ठेव फोडायची असेल तर एवढाच तुकडा फोडा, किंवा तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. व्याज ठेवीच्या दरापेक्षा सहसा टक्काभरच जास्त असतं आणि वापरलेल्या रकमेवरच लागतं. उरलेले साडेनऊ लाखांहून जास्त मुलीच्या फीसाठी आहेत, त्यांना हात नको. दागिनेही घरातच राहू द्या.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट नडेल. बंद डब्यात मुगाची खिचडी शिजतच राहते, तासाभरात गोळा होते आणि ताटात पडत नाही. नेहमीपेक्षा पाणी वाढवा, डाळ थोडी कमी शिजलेली असतानाच उतरवा आणि डबा भरताना तापमान ६५ अंशांच्या वर आहे का ते थर्मामीटरनं पाहा. प्रत्येक पदार्थाचा नमुना तारीख टाकून २४ तास फ्रिजमध्ये ठेवा. एखाद्या मुलाला उलटी झाली तर पहिलं बोट तुमच्याकडे वळेल, आणि तेव्हा तपासायला तेवढंच हातात असेल. फर्म एकल मालकीची असेल तर नुकसानभरपाईचा दावा थेट तुमच्या घरापर्यंत येतो, म्हणून सार्वजनिक दायित्वाचा विमा पहिल्या ताटाच्या आधी काढा.

दोन वर्षं बिलं बँकेतून फिरवा आणि शाळेकडून ताटांच्या आकड्यासह दाखला घ्या. मग ४००-५०० मुलांचं छोटं काम निघालं तर निविदा भरा. त्या वेळी तीन महिन्यांचा किराणा बाजूला पडलेला असेल तरच.