तक्ता एकच चालेल, चालवायची रीत नाही

तुमचा प्रश्न मला असा समजला: मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझम आहे, दात घासायला अजून पूर्ण मदत लागते. घरातच दीर आहेत. अपघातात डोक्याला मार लागून आठ महिने झाले, आणि व्हीलचेअरवरून पलंगावर जाताना ते ब्रेक लावायचे विसरतात. दोनदा पडता पडता वाचले. थेरपिस्टनी दोघांनाही एकाच छापाचा टप्प्यांचा तक्ता दिलाय आणि घरातले म्हणतायत, हे काय, सगळ्यांना एकच औषध?

ताई, तक्ता एक असायला काहीच हरकत नाही. पण तो चालवायची रीत दोघांसाठी काही बाबतीत अगदी उलटी लागते. मी आधी बरीच वर्षं विशेष शिक्षिका होते, नंतर पुनर्वसनाच्या कामात आले, आणि इकडची सवय तिकडे नेऊन सपाटून आपटले आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तक्त्याचं. कामाचे टप्पे डोक्यातून लिहू नका. तुम्ही स्वतः ते काम करा आणि दुसऱ्या कुणाला बघून लिहायला सांगा. भाऊजींच्या खुर्चीचं बघा: खुर्ची पलंगाला तिरकी लावणं, डावा ब्रेक, उजवा ब्रेक, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करणं, दोन्ही पाय जमिनीवर, बसल्या जागी पुढे सरकणं, मगच उठणं. छापील तक्त्यात ‘ब्रेक लावा’ एवढा एकच टप्पा असतो, पण ब्रेक दोन आहेत. मग तीन दिवस काहीही न शिकवता फक्त नोंद ठेवा, कुठला टप्पा आपणहून झाला आणि कुठे मदत लागली. (खुर्चीजवळ अर्थातच कुणीतरी उभं हवं आणि ब्रेक राहिला तर उठण्याआधी थांबवायचं.) ही नोंद सगळ्यांना कंटाळवाणी वाटते, मलाही वाटायची. पण समजा उजवा ब्रेक रोज लागतोय आणि डावाच राहतोय, तर तो विसरण्याचा प्रश्न नसेलही. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की काहींचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही, नजर चांगली असूनही. असं दिसलं तर आधी थेरपिस्टना सांगा, कारण उपाय बदलतो.

आता मुलाचं. दात घासणं त्याला येत नाही की ब्रशचे केस आणि पेस्टचा फेस सहन होत नाही, हे आधी पाहा. सहन होत नसेल तर मऊ ब्रश आणि फेस न होणारी पेस्ट यांनीच निम्मं काम होईल. येत नसेल तर शेवटाकडून सुरुवात करा. सगळं तुम्ही करायचं आणि ब्रश धुऊन जागेवर ठेवणं तेवढं त्याचं. ते जमलं की त्याच्या आधीचा टप्पा त्याच्याकडे. असं केल्याने रोज काम त्याच्या हातून संपतं, आणि संपल्यावर लगेच त्याच्या आवडीचं काही मिळतं. बक्षीस तुमच्या मते चांगलं असून चालत नाही, त्याला हवंसं लागतं. एखाद्याला पंख्याकडे दोन मिनिटं बघत बसणं हेच बक्षीस असतं, बसू द्या.

मदत करताना त्याच्या पाठीमागे उभं राहा आणि बोलू नका. हे दोन्ही मी फार उशिरा शिकले. माझ्याकडे एक मुलगी होती. हात धुण्याचे सगळे टप्पे तिला येत होते, पण प्रत्येक टप्प्याला ती थांबायची आणि कोपर किंचित मागे करायची. मी रोज तिच्या कोपराला हलका स्पर्श करत असे. तिच्या लेखी तो स्पर्श हाच हात धुण्याचा एक टप्पा झाला होता! मदतीवर असं अवलंबून राहणं ही ऑटिझम असलेल्या मुलांना शिकवतानाची एक मोठी अडचण आहे, आणि ती बहुतेक वेळा आम्ही शिकवणारेच तयार करतो. त्यावर साधा उपाय म्हणजे थांबणं. पहिले काही दिवस मदत ताबडतोब द्यायची. मग मनात दोन अंक मोजून, मग चार. त्या फटीत तो स्वतःहून हलला की तेव्हाचं बक्षीस मोठं.

दुसरी अडचण म्हणजे एका बेसिनपाशी शिकलेलं दुसऱ्या बेसिनपाशी येत नाही. १९७७ साली स्टोक्स आणि बेअर या वर्तनाच्या दोन अभ्यासकांनी अशा शिकवण्याला ‘शिकवा आणि आशा धरा’ असं खवचट नाव दिलं होतं. म्हणजे इथे शिकवायचं आणि तिथे आपोआप येईल म्हणून बसून राहायचं. येत नाही. म्हणून पहिल्या महिन्यापासूनच दोन ब्रश, दोन माणसं, जमल्यास दोन जागा ठेवा.

भाऊजींकडे गेलात की मात्र ही थांबण्याची सवय दाराबाहेर ठेवा, निदान सुरुवातीला. माझी चूक इथेच झाली. स्मरणशक्तीला जबर धक्का बसलेल्या एका गृहस्थांना मी अशीच खुर्ची शिकवत होते. “आता पुढे काय? आठवा बघू,” असं म्हणायचे आणि वाट बघायचे. ते अंदाजाने पट्ट्या उचलायचे, मी म्हणायचे, “नाही, आधी ब्रेक.” तीन आठवड्यांनी ते न चुकता, आत्मविश्वासाने, आधी पट्ट्या उचलायला लागले. मी त्यांना चूकच पाठ करून दिली होती.

यामागचं कारण जाणून घेण्यासारखं आहे. आठवणी सगळ्या एका कप्प्यात नसतात. १९५३ साली मिरगीवरच्या शस्त्रक्रियेनंतर हेन्री मोलेसन यांची नव्या आठवणी साठवण्याची शक्ती गेली. तरीही मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी आरशात बघून आकृती गिरवायला दिली तेव्हा मोलेसन यांचा हात तीन दिवसांत सफाईने चालायला लागला. आपण हे कधी केलंय हे मात्र त्यांना दर वेळी नवीनच होतं. म्हणजे हात शिकतो, पण ‘काल मी इथे चुकलो होतो’ हे सांगणारी आठवण नसते. आपण चूक आठवून ती टाळतो. ज्यांना चूक आठवतच नाही, त्यांच्या हातात ती एकदा केली म्हणून पुन्हा येते. बॅडली आणि बार्बरा विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली हे प्रयोगाने दाखवलं: नवं लक्षात ठेवण्याची शक्ती फार कमी झालेल्यांना अंदाज करू न देता शिकवलं तर ते जास्त टिकतं.

म्हणून भाऊजींना विचारायचं नाही, सांगायचं. प्रत्येक टप्प्याच्या आधी, हात चुकीच्या जागी जाण्यापूर्वी, “डावा ब्रेक.” घरातल्या सगळ्यांचे शब्द आणि क्रम तेच. काही दिवसांनी नुसतं “डावा…”, मग फक्त बोट, मग काही नाही. एखाद्या दिवशी अडखळले तर लगेच एक पायरी मागे या. थकवा आला असेल तर त्या वेळी शिकवूच नका. मेंदूच्या इजेनंतरचा थकवा आपल्या थकव्यापेक्षा फार वेगळा असतो आणि दिवसातून चारदा पाच मिनिटं ही एका तासापेक्षा कितीतरी बरी. आणि सगळं येत असूनही ते आपणहून सुरुवात करत नसतील, तर त्याला आळस म्हणू नका. कपाळामागच्या भागाला मार लागला की काम सुरू करण्याची कळच सापडत नाही.

एक अपवाद सांगते. हे सगळं स्मरणशक्ती फार खालावलेली असेल तर. आठवतंय बऱ्यापैकी पण ‘मला काही झालेलं नाही, मी पडणार नाही’ असं म्हणत असतील, तर सुरक्षित जागी स्वतःची चूक स्वतः पकडायला शिकवणं जास्त उपयोगी पडतं. तुमच्या लिहिण्यावरून यातलं कुठलं आहे ते मला नीट कळलं नाही.

शेवटपर्यंत एखादी खूण लागली तर लागू द्या. ब्रेकच्या दांड्याला भडक रंगाची पट्टी चिकटवा, आवाज करणारं घड्याळ लावा. वर आलेल्या बार्बरा विल्सन यांच्या गटाने विसराळूपण आलेल्या माणसांना साधा पेजर (निरोप आला की वाजणारं छोटं यंत्र) देऊन औषधं, भेटी, रोजची कामं वेळेवर करवून घेतली, आणि बहुतेकांना त्याचा उपयोग झाला. माणसाची मदत कमी झाली पाहिजे, वस्तूची राहिली तरी चालते. मुलाच्या बाबतीतही बेसिनवरचा चित्रांचा पट्टा मी कधी घाईने काढत नाही.

कुणी तुम्हाला मुलासाठी आठवड्याला चाळीस तासांच्या शिकवणीचं सांगेल. तो आकडा मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या ऑटिझम असलेल्या मुलांवरच्या १९८७ च्या अभ्यासातून आलाय. त्यात सघन शिकवणी मिळालेली मुलं १९ होती, त्यांची निवड चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, आणि त्या काळच्या पद्धतीत ओरडणं, चापट मारणं हेही बसत होतं. ऑटिझम असलेली मोठी माणसं आज त्या शिकवण्याबद्दल जे रागाने बोलतात ते ऐकून घ्यावं असं मला वाटतं. नजरेला नजर देणं, हात न हलवणं असली ‘कौशल्यं’ तक्त्यात असतील तर खोडा. त्यात मुलाचा काही फायदा नाही, फक्त बघणाऱ्यांची सोय आहे. आणि मुलाने हात झिडकारला तर तो नकार समजा. पकडून करून घेतलेले दात त्या दिवशी स्वच्छ होतात, दुसऱ्या दिवशी तो बाथरूमलाच घाबरतो.

तीन दिवसांची नोंद झाली की इथे टाका, दोघांचीही. भाऊजींचा कुठला ब्रेक राहतो आणि सकाळी राहतो की संध्याकाळी, एवढं कळलं तरी पुढचं सांगता येईल.