टाइमशेअर सदस्यत्व थेट कंपनीकडून घ्यावे की जुन्या सभासदाकडून?

टाइमशेअरचे, म्हणजे कंपनीच्या रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक दिवस राहण्याच्या हक्काचे, पंचवीस वर्षांचे सदस्यत्व कंपनीकडून पूर्ण किमतीत घ्यावे की जुन्या सभासदाकडून निम्म्या किमतीत, असे आपण विचारले आहे. आमच्या घरात हा वाद २०१३ पासून चालू आहे, म्हणून लिहितो.

२०११ च्या मे महिन्यात पुण्यातल्या एका मॉलमध्ये सौभाग्यवतींनी सोडतीचे कुपन भरले आणि आठवड्याभरात ‘बक्षीस लागले आहे, दोघांनी जोडीने या’ असा फोन आला. एका हॉटेलच्या सभागृहात आम्हाला तीन तास बसवून ठेवले. शेजारच्या टेबलावर कोणी सही केली की सगळे कर्मचारी टाळ्या वाजवत, आणि आमच्या समोरचा तरुण दर वेळी सांगे की आजची किंमत फक्त आजच. मी आयुष्यभर बँकेत इतरांच्या कर्जाची कागदपत्रे ओळीओळीने तपासली, पण त्या संध्याकाळी २ लाख ८० हजारांच्या करारावर न वाचता सही केली. आम्हाला मिळालेल्या हंगामात मे महिना आणि दिवाळी बसतच नाही, हे पहिल्या वर्षी महाबळेश्वरचे आरक्षण करताना कळले. ग्राहक मंचात जावे असे मनात येईपर्यंत तक्रारीची दोन वर्षांची मुदत उलटून गेली होती.

२०१३ साली आमच्या साडूंनी त्याच कंपनीचे, त्याच हंगामाचे सदस्यत्व परदेशी निघालेल्या एका गृहस्थाकडून ९० हजारांना घेतले, आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ते मला ऐकवत आले आहेत. एक गोष्ट मात्र ते सांगत नाहीत. मूळ मालकाने दोन वर्षांचे वार्षिक शुल्क थकवले होते, आणि ते भरल्याशिवाय कंपनी नाव बदलून देईना. थकबाकीचे ३१ हजार आणि हस्तांतरणाचे २० हजार धरले, तर त्यांना १ लाख ४१ हजारांत १७ वर्षे मिळाली, म्हणजे वर्षाला सुमारे ८,३०० रुपये पडले. मला वर्षाला ११,२०० पडतात. हप्त्यांचे व्याज वेगळे, हे मान्य. तरीही वर्षाला तीनएक हजारांच्या फरकावर इतकी वर्षे व्याख्यान द्यावे, हे मला पटत नाही.

खरा खर्च वार्षिक शुल्काचा आहे आणि तो दोघांनाही सारखाच आहे. आज ते १८ हजार आहे, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,२४० रुपये. आम्ही कुठे गेलो नाही तरी ते भरावेच लागतात, आणि दरवर्षी किती वाढवायचे हे कंपनी ठरवते. त्यामुळे माझे स्पष्ट मत असे की घ्यायचेच असेल तर जुने घ्या, परंतु थकबाकी नसल्याचे, उरलेल्या वर्षांचे आणि न वापरता साठलेले दिवस हस्तांतरित होतात की नाही याचे लेखी पत्र कंपनीकडून मिळाल्याशिवाय विक्रेत्याला एक रुपयाही देऊ नका. आरसीआय या मध्यस्थ कंपनीमार्फत इतर रिसॉर्टशी अदलाबदल करण्याची सोय नव्या मालकाला मिळेल, असे गृहीत धरू नका.

कंपनीकडूनच घेणार असाल, तर किती दिवसांत रद्द करता येते हे करारात आधी पाहा. फ्लोरिडात खरेदीदाराला कायद्यानेच दहा दिवस मिळतात. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही, करारात जे लिहिले असेल त्यावरच भिस्त. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, एवढी सोय झाली आहे.

मुले शाळेच्या वयाची नसतील आणि पावसाळ्यातही फिरायला जाण्याची तयारी असेल, तर हा व्यवहार परवडूही शकतो, हे मला मान्य केले पाहिजे. आमचे तसे नव्हते.

साडूंनी आता आपले सदस्यत्व चाळीस हजारांना विकायला काढले आहे. त्यांनी या वर्षीचे शुल्क भरले आहे का, हे मी अजून विचारलेले नाही.