जोहान्सबर्गला निघालेल्या ज्युनिअरला

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

दक्षिण आफ्रिकेच्या कॉन्स्टिट्यूशनल कोर्टातून, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयातून, न्यायमूर्तींची क्लर्क म्हणून तुला होकार आला, हे तुझ्याआधी तुझ्या आबांनीच फोन करून सांगितलं. आवाजात निम्मी खुशी होती, निम्मी काळजी. म्हणून आधी पैशांचं बोलून घेते. परदेशी क्लर्कला ते कोर्ट पगार देत नाही. विमानभाडं, खोली, जेवण, विमा, सगळं आपलं आपण बघायचं. सरकारी परदेश शिष्यवृत्त्या पदवीच्या शिक्षणासाठी असतात, त्यात हे बसत नाही. सगळ्या मुक्कामाचा खर्च एका कागदावर मांड आणि तो कागद मला दाखव. सात-बाऱ्यावर बोजा चढवून मात्र जायचं नाही. रक्कम जमली नाही तर पुढच्या खेपेची विनंती कर. तारीख मागायची लाज आपल्या धंद्यात कुणाला वाटते?

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचंही तू विचारलं होतंस. तिथं स्वतः अर्ज करून भागत नाही, विद्यापीठानं नाव पाठवावं लागतं. विकसनशील देशांतल्या विद्यापीठांच्या मुलांसाठी संयुक्त राष्ट्रांनी 2020 साली एक निधी उभा केला आहे. आपल्या विद्यापीठाच्या मागे त्यासाठी कुणीतरी लागायला हवं. ते मी बघते, तू जोहान्सबर्गचं बघ.

इंग्रजीची धास्ती सोड. त्या देशाच्या राज्यघटनेत अकरा राजभाषा होत्या, 2023 मध्ये सांकेतिक भाषा बारावी झाली. तिथल्या कित्येक न्यायमूर्तींची आईची भाषा इंग्रजी नाही. त्यांना साधं, छोट्या वाक्यांचं इंग्रजी आवडतं. आपल्या रिट पिटिशनमधलं ‘मोस्ट रिस्पेक्टफुली’ वगैरे औरंगाबाद खंडपीठाच्या गेटवरच ठेवून जा.

काम काय असतं ते सांगते, कारण बहुतेकांच्या डोक्यात काहीतरी भलतंच असतं. न्यायमूर्तींच्या चेंबरमध्ये स्थानिक क्लर्क असतात, त्यांच्यात एखादा परदेशी. सुनावणीआधी प्रकरणाचं टिपण, म्हणजे मेमो, लिहायचं, अपिलाची परवानगी मागणारे अर्ज वाचायचे, निकालाचा मसुदा आला की त्यातला एकेक संदर्भ मूळ पुस्तकातून ताडून बघायचा. टिपणात हकिगतीच्या प्रत्येक वाक्यापुढे रेकॉर्डचं पान हवं. ‘पुराव्यात असं आहे’ आणि ‘वकील असं म्हणतात’ या दोन गोष्टी एका वाक्यात कधीही घालू नकोस. समोर वकील बोलत असताना न्यायमूर्ती तुझं टिपण उघडतात. त्यांना ते पान लगेच सापडलं पाहिजे, तुझी शैली त्या वेळी कुणी बघत नाही. मी तिथं क्लर्क होते तेव्हा मला हे जमलं ते इथं दिवाणी अपिलांची पेपरबुकं, म्हणजे प्रकरणाच्या कागदांचे बांधलेले गठ्ठे, वाचल्यामुळे. कॉलेजच्या मूट कोर्टाचा, म्हणजे सरावाच्या लुटुपुटीच्या खटल्यांचा, मला तिथं फारसा उपयोग झाला नाही, असं म्हटलं तर प्राध्यापक रागावतील, पण खरं ते हेच.

आता मुख्य मुद्दा. ते कोर्ट बाहेरच्या देशांतली मुलं का घेतं? त्यांच्या राज्यघटनेच्या कलम 39 मध्येच लिहिलंय की हक्कांचा अर्थ लावताना आंतरराष्ट्रीय कायदा विचारात घ्यावाच लागेल, आणि परदेशी कायदा विचारात घेता येईल. भारतीय क्लर्क आली की मग तिच्याकडे भारताबद्दलचे प्रश्न येतात. आपल्या जनहित याचिकांचं तिथं फार कौतुक आहे. तुला सगळ्यात जास्त जपायचंय ते या कौतुकापासून.

सूब्रमनी प्रकरण जाण्याआधी वाच, 1997 चं. डर्बनच्या सरकारी दवाखान्यानं डायलिसिस नाकारलं म्हणून किडन्या निकामी झालेला माणूस कोर्टात आला. युक्तिवादाला आधार आपल्याच 1996 च्या निकालाचा, पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा. रेल्वेतून पडलेल्या मजुराला कोलकात्याच्या सरकारी दवाखान्यांनी दाखल करून घेतलं नाही, तेव्हा सुप्रीम कोर्टानं सरकारला जबाबदार धरलं होतं. आफ्रिकेच्या न्यायमूर्तींनी तो निकाल नीट वाचला आणि बाजूला ठेवला. तो अपघाताचा तातडीचा प्रसंग, हा कायमचा आजार. यंत्रं मोजकी, रोगी पुष्कळ. सूब्रमनी हरले आणि थोड्याच दिवसांत गेले. मला तो निकाल आजही कठोर वाटतो. पण आपला निकाल नेमका कुठपर्यंत जातो, हे त्यांनी आपल्या बऱ्याच पाठ्यपुस्तकांपेक्षा चांगलं सांगितलं. तुझ्याकडून तिथं हीच अपेक्षा असेल. ‘भारतात जगण्याच्या हक्कात आरोग्य येतं’ हे एक वाक्य लिहून सुटका होणार नाही.

ओल्गा टेलिसचंही तसंच. 1985 चा तो निकाल जगभर सांगितला जातो, उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग म्हणून. पण पावसाळा सरल्यावर फूटपाथवरच्या झोपड्या हटवायला कोर्टानं मोकळीक दिली होती, हे किती जण सांगतात? बहात्तरच्या दुष्काळात आपल्याकडून मुंबईला गेलेली घरं तुझ्याही नात्यात आहेत. मेमोत पहिलं वाक्य लिहिलंस की दुसरंही लिही.

पाण्याच्या बाबतीत तर तू त्या इमारतीतल्या बहुतेकांपेक्षा जास्त शिकून आलेली असशील. माझिबुको प्रकरणात सोवेटोमधल्या फिरी वस्तीतल्या लोकांनी प्रीपेड मीटरला आव्हान दिलं होतं. जोहान्सबर्ग महापालिका माणशी रोज 25 लिटर पाणी फुकट धरायची. हायकोर्ट म्हणालं 50, त्यावरचं अपील कोर्ट म्हणालं 42. 2009 मध्ये कॉन्स्टिट्यूशनल कोर्टानं आकडा ठरवायलाच नकार दिला आणि महापालिकेचं धोरण वाजवी ठरवलं. 25 लिटर म्हणजे दीड-दोन घागरी. लातुरात 2016 साली तू टँकरच्या रांगेत होतीस, त्यात काय काय भागतं हे तुला वेगळं वाचावं लागणार नाही. पण ते मेमोत भावना म्हणून येऊ देऊ नकोस. रेकॉर्डवर घरातल्या माणसांची संख्या काय आहे, आजारी कोण आहे, मीटर बंद पडल्यावर पाणी कुठून आलं, हे प्रश्न विचारायचं तुला सुचेल. दुसऱ्याला कदाचित सुचणार नाही.

त्याच 2016 ची आपली गोष्टही तुला कुणीतरी विचारेल: दुष्काळामुळे हायकोर्टानं आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर पाठवले ती. ऐकणाऱ्यांना फार आवडते. तो आदेश 13 एप्रिलचा, आणि मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली 12 एप्रिलला. आदेश चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण लातूरला पाणी कशानं आलं, हे सांगताना दोन्ही तारखा सांग.

जमिनीची प्रकरणं आली तर मागून घे. तिथं 1913 च्या कायद्यानं काळ्या लोकांना बहुतेक देशभर जमीन घ्यायलाच बंदी घातली होती. 19 जून 1913 नंतर ज्यांच्या जमिनी वंशभेदी कायद्यांमुळे गेल्या, त्यांना परत मागण्याचा हक्क राज्यघटनेनं दिला आहे. कागद अर्धे नसतात, मग म्हाताऱ्यांच्या साक्षी, पूर्वजांच्या थडग्यांच्या जागा, असा पुरावा पुढे येतो. तू इथं हैदराबाद कुळवहिवाट कायद्याखालच्या फायली चाळल्या आहेस. 1954-55 चं खासरा पत्रक (जमिनीच्या नोंदींचा जुना कागद), उर्दू नोंदी, संरक्षित कुळाचं नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही. ही तिढ्याची जमीन तुझ्या हाताखालून गेलेली आहे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या फर्ममध्ये इंटर्नशिप केलेल्या मुलांना हा अनुभव सहसा मिळत नाही.

एक गोष्ट मात्र कडकपणे सांगते. चेंबरमधलं काहीही बाहेर नाही. मसुदा कुणाचा, मत कुणाचं बदललं, कोण कुणावर चिडलं, काहीच नाही. आबांनाही नाही, मलाही नाही, परत आल्यावरही नाही. आपल्या बाररूमची सवय तुला माहीत आहे, चहाच्या कपाबरोबर निकाल फुटतो. तू आलीस की सगळे खोदून विचारतील. हसायचं आणि हवामान सांगायचं.

हवामान सांगायचं तर जून-जुलैत तिथं कोरडी थंडी पडते. शाल नको, चांगला कोट घे. अंधार पडल्यावर एकटीनं पायी फिरायचं नाही, स्थानिक क्लर्क सांगतील ते ऐकायचं. कोर्ट जुन्या तुरुंगाच्या आवारात आहे, पाडलेल्या बराकीच्या विटा त्याच्या भिंतींत वापरल्यात. गांधीजी आणि मंडेला दोघेही त्या आवारात कैदेत होते. पहिल्या आठवड्यात काय फोटो काढायचे ते काढून घे.

जाण्याआधी माझं एक काम कर. परभणीची ती कुळाची दुसऱ्या अपिलाची फाईल, ज्यात आपण कुळाकडून उभे आहोत, तिचं टिपण मला करून दे. ऑफिसची ज्युनिअर म्हणून लिहू नकोस, न्यायमूर्तींची क्लर्क म्हणून लिही. समोरच्या मालकाची बाजू आपल्या बाजूइतकीच भरभक्कम मांड, आणि आपण हरायला हवं असं तुला वाटलं तर शेवटी तेही लिही, कारणासकट. बारा पानांच्या वर जाऊ नको. पेपरबुक माझ्या टेबलाच्या डाव्या कप्प्यात आहे, खासरा पत्रकाचं भाषांतर पान 61 ला. सोमवारी बोर्ड सुरू होण्याआधी मला हवंय.

तुझी,
मॅडम