रुई खणून नव्हे, पेरून लावावी

प्रश्न : रस्त्याकडेची रुई मी दोनदा खणून आणून अंगणात लावली; दोन्ही वेळा ती आठवडाभरात वाळली. रोपवाटिकेत लाल-पिवळ्या फुलांचे एक झाड रुईच्याच कुळातले म्हणून मिळते, ते लावावे काय? सासूबाईंच्या मते दारात रुई नकोच. – एक वाचक, परभणी

उत्तर : रुईचे सोटमूळ फार खोल जाते आणि खणताना ते तुटतेच, त्यामुळे माळावर भर उन्हात तग धरणारे हे झाड अंगणात आणताच माना टाकते. उन्हाळ्यात बोंडे पिकू लागली की एखाद्या बोंडाला सैलसा दोरा गुंडाळावा, म्हणजे ते उकलले तरी म्हाताऱ्या उडून जाणार नाहीत. त्यांचा कापूस काढून बी मृगाचा पाऊस झाल्यावर कायमच्या जागीच, अगदी वरवर पेरावे. आपल्याकडच्या काळ्या मातीत पाणी साचून मूळ कुजते, म्हणून आळे न करता मुरूम मिसळलेला उंचवटा करावा. पहिले वर्ष सरल्यावर पाणी घालण्याची गरज सहसा पडत नाही.

रोपवाटिकेतले ते झाड बहुधा हळदीकुंकू असावे. कूळ तेच असले, तरी ते मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले आहे. देशी झाडच हवे असेल आणि जागा अपुरी असेल, तर कुंपणावर उतरणीचा वेल चढवावा.

सासूबाईंचे म्हणणे मात्र मी उडवून लावणार नाही. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालणारी माणसेच ती दारात नको म्हणतात, याचे कारण मला तरी तिच्या चिकात दिसते. चीक डोळ्यात गेल्यास सुरुवातीला फारसे दुखतही नाही, परंतु काही तासांत दिसणे धूसर होऊ शकते. अशा वेळी डोळा लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा आणि नेत्रतज्ज्ञांकडे जावे. म्हणून झाड मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर, कुंपणाशी लावावे व छाटणी करताना चष्मा आणि हातमोजे वापरावेत.

पुढे पानांवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या दिसल्या, तर औषध फवारू नये. त्या बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या असतात. रुईतील विषारी द्रव्ये ते अंगात साठवते, त्यामुळे पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. ‘कडवा’ हे नाव त्याला शोभते. अळ्यांनी पाने फस्त केली तरी रुई पुन्हा फुटते.