आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला दुरुस्ती आणि चक्राकार अर्थव्यवस्था प्रात्यक्षिकातून कशी शिकवावी?

चक्राकार अर्थव्यवस्थेचं, म्हणजे वस्तू फेकण्याऐवजी दुरुस्त करून, भाग पुन्हा वापरून फिरत्या ठेवण्याचं, वेगळं लेक्चर ठेवू नका, पोरं पेंगतात. चौघांत एक भंगारातला सीलिंग फॅन द्या आणि दोष कागदावर लिहिल्याशिवाय स्क्रू उघडू देऊ नका.

पंखा हातानं फिरवून खरखर लागली, तर बेअरिंग. मोकळा फिरतो पण चालू केल्यावर हळू चालतो, तर आधी कपॅसिटर. सप्लाय बंद करून तो डिस्चार्ज करायचा, सुटा करून मोजायचा. छापील २.५ मायक्रोफॅरडच्या जागी १.७ दिसलं की बदला. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘जोरात फिरेल’ म्हणून ४ चा टाकणं. स्टार्टिंग वाइंडिंगमधला करंट वाढतो, पंखा तापतो आणि शंभर रुपयांच्या आतलं काम रिवाइंडिंगवर, म्हणजे कॉइल नव्यानं गुंडाळण्यावर, जातं.

नुसता गुणगुणत असेल, तर कपॅसिटर काढून तिन्ही वायरींच्या जोड्या मोजा. समजा १६०, १९० आणि ३५० ओहम आले, तर वाइंडिंग शाबूत. मोठं रीडिंग उरलेल्या दोन्हींच्या बेरजेइतकं हवं. एका वायरीच्या दोन्ही जोड्या ओपन दाखवत असतील, तर लगेच रिवाइंडिंगला पाठवू नका. पुष्कळदा शाफ्टमधून येणारी वायर किंवा तिचा कॉइलशी असलेला जोड तुटलेला असतो. सोल्डर, स्लीव्ह, झालं.

बेअरिंग पुलरनंच काढा. शाफ्टवर नवं बसवताना पाइपचा दाब आतल्या रिंगवर यावा. बाहेरच्या रिंगवर ठोकलं की रेसमध्ये, म्हणजे गोळ्या फिरतात त्या खोबणीत, खाचा पडतात, नवं बेअरिंगही वाजतं. पाती कुठल्या जागेची ते आधीच खुणावून ठेवा. शेवटी मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर) लावून वाइंडिंग आणि बॉडीत किमान २ मेगाओहम बघा, मगच सिरीज लॅम्पमधून (पंख्याच्या सिरीजमध्ये जोडलेल्या बल्बमधून) सप्लाय द्या.

प्रत्येक पंख्याची नोंद ठेवा: दुरुस्त झाला, सुट्या भागांसाठी उघडला की भंगारात गेला, आणि किती किलो. भंगार नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्या. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. तांब्यासाठी वायरी जाळू देऊ नका.

एक हिशेब मात्र मुलांकडूनच करून घ्या. जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचा, इलेक्ट्रॉनिक बोर्डवर चालणारा) पंखा ३० च्या आसपास. रोज १० तास, ३०० दिवस धरले तर फरक १३५ युनिटचा. म्हणून दुरुस्त केलेला पंखा दिवसभर चालणाऱ्या वर्गात नको, स्टोअररूममध्ये लावा. उलट बीएलडीसीचा बोर्ड गेला तर तो बऱ्याचदा आख्खाच बदलावा लागतो, तेही त्यांना उघडून दाखवा.