पायराइटचा बँड गॅप ग्राफवर का दिसत नाही?

प्रश्न: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी नैसर्गिक पायराइटचा (लोह-गंधकाचं खनिज, FeS₂) बँड गॅप, म्हणजे त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, काढायचाय. आधी 30 मायक्रॉनच्या पातळ चकतीतून प्रकाश पाठवून बघितला, आरपार काहीच आलं नाही. मग पूड करून यूव्ही-व्हिजिबल मशीनवर रिफ्लेक्टन्स (किती प्रकाश परत येतो ते) घेतला तर 1100 नॅनोमीटरपर्यंत नुसती सपाट रेष. सॅम्पल खराब आहे का?

उत्तर: सॅम्पलला दोष द्यायची घाई नको. पायराइटचा बँड गॅप साधारण 0.95 इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, 1240 ला (ऊर्जेवरून तरंगलांबी काढायचा आकडा) त्याने भागलं की येतात जवळपास 1305 नॅनोमीटर, आणि तुमचं मशीन 1100 लाच थांबतंय कारण त्यात बहुतेक सिलिकॉनचा डिटेक्टर असणार आणि सिलिकॉनचा स्वतःचाच गॅप 1.12 इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, त्याच्या पलीकडचं त्याला दिसतच नाही. म्हणजे शोषण सुरू होतं तिथला जो चढ तुम्ही शोधताय तो तुमचा ग्राफ संपतो त्याच्या पुढे आहे! जवळच्या अवरक्तापर्यंत जाणारं यूव्ही-व्हिस-एनआयआर मशीन मिळवा, इंटिग्रेटिंग स्फिअरसकट (विखुरलेला प्रकाश गोळा करणारा पोकळ गोल), आणि 800 ते 1800 नॅनोमीटर स्कॅन करा. अशा मशीनमध्ये बऱ्याचदा लेड सल्फाइडचा डिटेक्टर असतो, म्हणजे गॅलेना या शिशाच्या खनिजाचंच संयुग, मला हे फार आवडतं.

चकतीचं म्हणाल तर दृश्य प्रकाशात पायराइट इतकं शोषतं की साधारण 0.1 मायक्रॉन आत गेल्यावर प्रकाश तिसऱ्या हिश्श्यावर येतो, मग 30 मायक्रॉनमधून काय येणार.

पूड निव्वळ लावू नका. बारीक वाटून बेरियम सल्फेटमध्ये थोडीशीच मिसळा, बेसलाइनही त्याच बेरियम सल्फेटची घ्या, नाहीतर दाण्यांच्या चकचकीत पृष्ठभागावरून थेट परतणारा प्रकाश कुबेल्का-मंकचं गणित (रिफ्लेक्टन्सवरून शोषण काढायचं सूत्र) बिघडवतो. पूड ताजी हवी, दमट हवेत पायराइटवर आयर्न सल्फेट धरतं. आणि एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणं) आधी कराच, मार्कसाइट या दुसऱ्या खनिजाचंही सूत्र तेच, पण रचना वेगळी.

खरी गडबड टाउक प्लॉटमध्ये होते, म्हणजे शोषण गुणिले ऊर्जा याचा घात ऊर्जेसमोर मांडून सरळ रेषेवरून गॅप वाचायच्या आलेखात. पायराइटचा गॅप इनडायरेक्ट (इलेक्ट्रॉनला उडी मारताना ऊर्जेसोबत संवेगही बदलावा लागतो), त्यामुळे घात 1/2 घ्यायचा, पण त्याच डेटावर डायरेक्टचा घात 2 लावला तरी छान सरळ रेष बसते आणि आकडा मात्र वेगळाच येतो, म्हणून नुसती रेष सरळ आली म्हणून विश्वास ठेवू नका, रेष कुठून कुठपर्यंत बसवली तेही रिपोर्टमध्ये लिहा. नैसर्गिक स्फटिकात आर्सेनिक, कोबाल्ट, निकेल असतातच, त्यांच्यामुळे गॅपपेक्षा कमी ऊर्जेलाही शोषण दिसतं आणि चढ बोथट होतो.

अपवर्तनांक पण हवा असेल तर पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर एलिप्सोमेट्री (परावर्तित प्रकाशाचं ध्रुवण मोजणं) करा. पायराइट क्यूबिक आहे, म्हणजे प्रकाशासाठी सगळ्या दिशांना सारखंच, त्यामुळे कुठल्या बाजूने कापलं याची चिंता नको, थरांच्या रचनेचं मॉलिब्डेनाइट असतं तर ती करावी लागली असती.