'आजी दळायची' की 'आजी दळायच्या'?

प्रश्न अमळनेरच्या एका शिक्षिकेचा आहे. सातवीच्या मुलांनी घरातल्या एखाद्या माणसाचं चरित्र लिहिलं आणि वह्या बदलून एकमेकांचं तपासलं. एकाने लिहिलं होतं, 'आजी पहाटे उठून जात्यावर दळायची.' शेजारच्या मुलीने 'दळायची' खोडून 'दळायच्या' केलं, मोठ्या माणसांना आदरार्थी बहुवचन म्हणून. बरोबर कोण?

लिहिणारा मुलगा बरोबर आहे. आपल्या घरात आई, आजी, मावशी सहसा एकवचनात येतात आणि वडील, आजोबा, काका अनेकवचनात. 'आई आली', पण 'वडील आले'. 'माय आल्या' असं खानदेशात म्हणून पाहा, कानाला पटणार नाही. मात्र तीच आजी त्या मुलीच्या लेखात आली असती, तर 'त्याच्या आजी दळायच्या' हेही योग्यच ठरलं असतं. तिने आपलं नातं दुसऱ्याच्या वाक्यात घातलं, चूक एवढीच. म्हणून मुलांना लाल पेन देऊच नये, असं माझं ठाम मत आहे. पेन्सिलीने समासात प्रश्नचिन्ह करायचं. बदलायचं की नाही ते लिहिणारा ठरवेल.

खरी चूक वेगळीच असते आणि ती स्वतःच्या लेखात दिसत नाही: 'बहिणाबाई असोद्यात वाढल्या. लग्न होऊन ती जळगावला आली. त्या शेतात राबायच्या.' तीन वाक्यांत दोनदा उडी! ती पकडायला फक्त क्रियापदं समासात एकाखाली एक उतरवून घ्यावीत. वाढल्या, आली, राबायच्या. मुलं स्वतःच 'आली'वर बोट ठेवतात.

मग अनुस्वार. 'बहिणाबाईचा जन्म 1880 मध्ये झाला' यात आदर हरवतो, 'बहिणाबाईंचा' हवं. तो एक टिंब म्हणजे शुद्धलेखनाचा किरकोळ नियम नाही, सगळा मान त्यातच आहे. एका वाचनात नुसती नावं आणि सर्वनामंच तपासावीत.

आजीचं बोलणं अवतरणात असेल तर मात्र हात लावू नये. तिने 'वावरमा' म्हटलं असेल, तर त्याचं 'शेतात' करणं म्हणजे तिच्या तोंडचा शब्द काढून घेणं. अहिराणी ही दुरुस्त करायची गोष्ट नाही, हे मुलांना स्पष्ट सांगायला हवं.

चरित्रात एकवचनातून अनेकवचनात जायला परवानगी असते, पण जागा बघून. बालकवींवर लिहिताना '1890 साली धरणगावात त्र्यंबक जन्मला' हे चालतं. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली, तिथे नवा परिच्छेद सुरू करून 'ते' म्हणावं, आणि 1918 मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली त्यांचा मृत्यू झाला, तिथपर्यंत 'ते'च ठेवावं.